टेकली पण पाहिजे, टेकायला पण नको

गेल्या महिन्यात सासऱ्यांचा तंबोरा मिरजेला नेला. सांगलीहून मिरज म्हणजे तसं अंतर काहीच नाही, पण तंबोरा घेऊन रिक्षात बसायचं म्हणजे आजारी म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात नेल्यासारखं, मान आपल्या खांद्यावर, भोपळा मांडीवर, आणि दर दोन मिनिटांनी रिक्षावाल्याला ‘सावकाश हां दादा, सावकाश’. शेवटी तो वैतागून म्हणाला, ‘वैनी, काचेचा हाय का काय?’

सासरे हौशी गाणारे. भजनं, नाट्यपदं, गणपतीत कुणी बोलावलं की हजर. ते गेल्यापासून तंबोरा माळ्यावर पडून. २०१९ ला घरात पाणी आलं तेव्हा माळ्यावर होता म्हणून वाचला, पण ओल काय माळा बघून थांबत नाही, एका बाजूचा जोड सुटलेला, तारांना गंज, आणि एका खुंटीला तर कुणीतरी (मीच) जुन्या कपड्यांची पिशवी अडकवून ठेवलेली. आता लेकीनं गाणं शिकायचं काढलंय. मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप मिळतं, सगळे तेच लावतात, पण तिच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या घरात खरा आहे तर तो नीट करून घ्या की. म्हणून ही वरात.

सतारमेकर गल्लीत शिरलं की आधी पॉलिशचा वास येतो. मग भोपळे दिसतात, छताला टांगलेले, कोपऱ्यात रचलेले, हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, खायचे नाहीत, जाड सालीचे, कडू. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा पेपरात फोटो आले होते, पण गल्ली आहे तशीच आहे, चिंचोळी, आणि प्रत्येक दारात कुणीतरी मांडी घालून लाकडाशी काहीतरी करत बसलेलं.

ज्या चाचांकडे गेलो त्यांनी तंबोरा हातात घेतला, दांडीवरून एक डोळा मिटून बघितलं, भोपळ्यावर टिचकी मारली आणि म्हणाले ठेवून जा, आठ दिवसांनी या. आठ दिवसांनी गेलो तर जोड बसला होता, तारा नव्या होत्या, पॉलिश चकचकीत, मी पर्स उघडली पैसे द्यायला. तर म्हणाले, ‘थांबा ताई, अजून बोलतोय कुठं? जवारी काढायची हाय.’

जवारी म्हणजे तारेचा आवाज उघडावा म्हणून तिच्याखालची घोडी घासून जुळवायची. मला वाटलं पाच मिनिटांचं काम असेल. तास-दीड तास गेला.

तंबोऱ्याची घोडी असते ना, भोपळ्याकडच्या बाजूला, जिच्यावरून चारी तारा जातात, ती वरून सपाट वाटते पण नसते. किंचित उतार असतो, डोळ्याला कळणारही नाही इतका. चाचा एक तार बाजूला सरकवायचे, कानस दोनदा फिरवायचे, फुंकर, तार परत जागेवर, छेडायची, ऐकायचं. नाही. परत सरकवायची. मध्येच पॉलिश पेपर. मध्येच नुसतंच बघत बसायचे. आणि शेवटी रिळातला साधा शिलाईचा दोरा तोडून तारेच्या आणि घोडीच्या मध्ये घातला आणि तो बोटानं पुढं-मागं, पुढं-मागं सरकवत राहिले, एक केस पुढं, अर्धा केस मागं. तोवर तार ठण्ण वाजत होती, मुकी, पत्र्यावर खडा मारल्यासारखी. आणि मग एका जागी दोरा आला आणि ती तार अशी उघडली की लेक आणि मी दोघी एकदम एकमेकींकडे बघायला लागलो. एका तारेतून दहा तारा वाजल्यासारख्या. आवाज थांबेचना.

मी विचारलं, चाचा हे नेमकं काय केलंत?

ते म्हणाले, ‘काय नाय. तार घोडीला टेकली पण पायजे, आणि टेकायला पण नको. टेकली तर मुकी होती. नाय टेकली तर कोरडी वाजती.’ आणि चहा मागवला.

त्या वाक्यावर मी गेला महिना घालवलाय, म्हणून ही पोस्ट.

*

माझ्या बीएला तत्त्वज्ञानाचा एक पेपर होता. सर नोट्स डिक्टेट करायचे, आम्ही उतरवून घ्यायचो, कळलं किती ते विचारू नका. पण त्यातला एक ग्रीक बाबा तेव्हापासून डोक्यात राहिलाय, हेराक्लिटस. अडीच हजार वर्षांपूर्वीचा, एफिसस गावचा, ते आता तुर्कस्तानात येतं. त्याचं सलग असं लिखाण काही उरलेलं नाही, शंभर-सव्वाशे तुकडे उरलेत, ते पण दुसऱ्यांनी आपापल्या लिखाणात उद्धृत केले म्हणून. आणि ते तुकडे असे की जुन्या काळापासूनच त्याला लोक ‘दुर्बोध’ म्हणत आलेत. नदीत दोनदा पाय टाकता येत नाही वाला हाच. ते सगळ्यांना माहीत असतं, स्टेटसला पण असतं. पण माझ्या लक्षात राहिला तो धनुष्य आणि तंतुवाद्य हा तुकडा. लायर म्हणायचे त्या वाद्याला. तो म्हणतो, लोकांना हे कळतच नाही की एखादी गोष्ट स्वतःशीच भांडत असताना स्वतःशी जुळून कशी असते, उलट्या बाजूंनी ओढलेलं ते जुळणं असतं, धनुष्यात असतं तसं, लायरमध्ये असतं तसं.

परीक्षेत मी हे पाच मार्कांना लिहिलं असेल. कळलं मिरजेत.

बघा ना, धनुष्य खुंटीला अडकवलंय. शांत दिसतंय. पण त्या लाकडाला सरळ व्हायचंय आणि दोरी त्याला वाकवून धरतीये, चोवीस तास, रात्री आपण झोपल्यावरसुद्धा. दोघांपैकी कुणी एकानं जरी म्हटलं जाऊ दे बाबा, मिटवून टाकू, तर उरते एक काठी आणि एक सुतळी. तंबोऱ्याचं तेच. तारा घोडीपासून खुंटीपर्यंत ओढ घेतायत, त्यांना दांडी वाकवायचीये, आणि दांडी म्हणते मी नाही वाकत. सासऱ्यांचा तंबोरा माळ्यावर तारा सैल होऊन पडला होता तेव्हा त्याच्यात भांडण शिल्लक नव्हतं, एकदम शांतता. वाजतही नव्हता.

आणि ह्यात मिरजेची अजून एक गंमत आहे जी हेराक्लिटसला कळली असती तर बाबा खूश झाला असता. मिरजेत सतार करायची सुरुवात ज्या फरीदसाहेबांपासून सांगतात, एकोणिसाव्या शतकाच्या मधली गोष्ट, ते घराणं मूळचं शिकलगारांचं. तलवारी, भाले, ह्यांना धार लावणारं, दुरुस्त करणारं. राज्यं गेली, लढाया संपल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि मिरज संस्थानात गाण्याची आवड, तेव्हा तेच हात वाद्यं दुरुस्त करायला लागले आणि मग बनवायला लागले. म्हणजे धनुष्य आणि लायर एकाच घरात, एकाच हातात! चाचा कानस फिरवत होते तेव्हा मला ते सारखं दिसत होतं, ही कानस कुणाच्यातरी पणजोबांनी पात्यावर फिरवली असणार.

त्याच्या अजून एका तुकड्यात शब्दाची गंमत आहे. जुन्या ग्रीकमध्ये धनुष्याला एक शब्द होता ‘बिऑस’ आणि जगण्याला ‘बिऑस’, आघात तेवढा वेगळ्या जागी. तो म्हणतो धनुष्याचं नाव जीवन, पण काम मरण. हे वाचलं की इतर कुणाला काय आठवेल माहीत नाही, सांगलीच्या माणसाला पाणी आठवतं. आपल्याकडे पाण्यालाच जीवन म्हणतात ना, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी ती बोट उलटली.

*

आता माझं स्वतःचं सांगते, कारण हे तत्त्वज्ञान वगैरे मला घरातूनच पुरवठा होतो.

माझं माहेर जत तालुक्यात, पूर्वेकडे, कर्नाटक हाकेवर. आई राग आला की कानडीत जाते, प्रेम आलं की मराठीत. सासर सांगलीत, नदीच्या अंगाला. एकाच जिल्ह्यात दोन्ही, पण माझ्या आईनं आयुष्यभर टँकरची वाट बघितलीये आणि माझ्या सासूनं आयुष्यभर नदी कुठपर्यंत आली ते बघितलंय.

आई तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालते. भांडी घासताना पाण्याची धार कशी करंगळीएवढी पाहिजे हे तिनं मला हातावर चापट मारून शिकवलंय. पाहुणा आला तर तांब्या देताना आधी विचारते, पिणार आहे का नुसता हातात धरणार. आणि सासूबाई! सकाळी अंगणात सडा म्हणजे बादलीवर बादली, पायरी धुवायची, तुळस धुवायची, गाडी धुवायची, काही घाण झालेलं नसलं तरी धुवायचं. लग्न होऊन आले तेव्हा मी नळ बारीक सोडून भांडी घासत होते तर मागून येऊन म्हणाल्या, ‘अगं नळाला काय आजार झालाय का?’ आणि पूर्ण सोडला. त्या गेल्या की मी बारीक केला. वीस वर्षं झाली. हा खेळ अजून चालू आहे.

लोक म्हणतात मध्यम मार्ग काढा. सुवर्णमध्य. माझा ह्या शब्दावर राग आहे. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी कुणीतरी पाठवतं, फुलाच्या फोटोवर. नळ अर्धा सोडला तर आईचं पण समाधान नाही आणि सासूबाईंचं पण नाही, हे मी करून बघितलंय. अर्धा नळ म्हणजे दोघींना फसवणं.

ह्या मध्यम मार्गवाल्यांची आवडती गोष्ट म्हणजे बुद्धाची वीणेची. सोण नावाचा भिक्खू, आधी वीणा वाजवायचा, संघात आल्यावर चालून चालून पायातून रक्त येईपर्यंत साधना करायला लागला आणि तरी काही हाती लागेना तेव्हा निराश झाला. बुद्धानं त्याला विचारलं, तारा फार ताणल्या तर वीणा वाजायची का? नाही. फार सैल सोडल्या तर? नाही. ह्याच्यावरून लोक सांगतात बघा, जास्त ताण घेऊ नका, रिलॅक्स. अरे पण वाजणारी तार काही रिलॅक्स नसते! सुरात लागलेली तार चांगली कडक ओढलेली असते, बोटाला कापेल अशी. नवरा शाळेत विज्ञान शिकवतो, त्याच्याकडून खात्री करून घेतली, तीच तार, तीच लांबी, आणि स्वर दुप्पट वर न्यायचा तर ताण चौपट करावा लागतो. मंद्र सा वरून मध्य सा ला यायचं तर चौपट. म्हणजे बुद्ध ताण काढून टाक म्हणतच नव्हता, नेमका किती ते ऐकून ठरव म्हणत होता. असं मला वाटतं. चाचांना वाटत असणार. ते तेच करत होते, ऐकून ठरवत होते.

आपल्याकडे अर्धनारीनटेश्वर आहे, तो पण मला कॅलेंडरवर बघितला की खटकतो, मधोमध सरळ रेघ, इकडे शिव तिकडे पार्वती, जमिनीच्या वाटण्या केल्यासारखं. मोजून अर्धं अर्धं. त्यापेक्षा कऱ्हाडचा संगम बघावा. कृष्णा एकीकडून येते, कोयना दुसरीकडून, आणि बाकीच्या नद्यांसारखं तिरकं-तिरकं येऊन मिसळायचं सोडून समोरासमोर येऊन भिडतात. टक्करच. आणि नाव काय ठेवलंय, तर प्रीतिसंगम. ज्यानं ठेवलं तो लग्न झालेला असणार.

*

२०१९ चं थोडं लिहावंच लागेल.

सांगलीत पूर म्हटलं की आयर्विन पुलाची पातळी. १९२९ चा पूल, त्याच्या खांबावरचे आकडे हे आमचं थर्मामीटर. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. त्या ऑगस्टला ५७ च्या वर गेली. आम्ही घर सोडलं, विश्रामबागेत नणंदेच्या फ्लॅटवर, वरच्या मजल्यावर, नऊ माणसं. खाली शहरभर पाणी, टीव्हीवर बोटी, आणि नळाला थेंब नाही. शहराचा पाणीपुरवठाच बंद पडलेला. तर सोसायटीत टँकर येणार म्हणून निरोप आला आणि मी बादल्या, कळशा, कुकर, जे दिसेल ते घेऊन जिन्यात रांगेला उभी, आणि तेवढ्यात आईचा फोन. तिच्या गावाला त्या दिवशीसुद्धा टँकर चालू होता, पाऊस पश्चिमेकडे, तिच्याकडे नुसते ढग.

‘तुमच्याकडं समदं पाणीच पाणी दावत्यात गं टीव्हीवर. करतीस काय?’

म्हटलं, टँकरची वाट बघतीये.

पलीकडे गप्प. मग आई हसायला लागली. मग मी पण. जिन्यात सगळे माझ्याकडे बघायला लागले, हिला काय झालं. हसता हसता कधी रडायला आलं कळलं नाही. मागं सासूबाई उभ्या होत्या, त्यांनी फोन काढून घेतला आणि आईला म्हणाल्या, ‘विहीणबाई, तुमचं पाणी कसं वाचवायचं ते जरा सांगा बघू, इथं दोन बादल्यांत नऊ माणसं आहेत.’ आणि आईनं सांगितलं. दहा मिनिटं. आधी तांदूळ, मग भाजी, मग तेच पाणी भांड्यांच्या पहिल्या हाताला, मग तेच संडासात. सासूबाई हं हं करत ऐकत होत्या. वीस वर्षांत दोघी एवढं एकमेकींशी बोलल्या असतील असं मला वाटत नाही.

हेराक्लिटसचा समुद्राच्या पाण्यावर पण एक तुकडा आहे, माशांना ते पिण्याजोगं आणि जीव वाचवणारं, माणसाला न पिण्याजोगं आणि घातक, आणि पाणी एकच. कॉलेजात वाटलं होतं ह्यात काय विशेष.

पाणी उतरल्यावर घरी आलो तर चिखल कमरेएवढ्या उंचीपर्यंत भिंतीला लागलेला. सासूबाई नदीला जे काय बोलायचं ते बोलल्या, मी इथं लिहू शकत नाही. फळीवरचे फोटो, सासऱ्यांच्या वह्या, गाद्या, पिठाचे डबे, सगळं रस्त्यावर ढीग करून टाकलं. आणि पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी बघते तर ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. म्हटलं कुठं? म्हणाल्या माई घाटावर, ओटी भरायची राहिलीये. मी म्हटलं आई, अहो परवाच तर तिला... ‘ते वेगळं,’ म्हणाल्या, ‘शिव्या मी दिल्यात, तिनं दिल्या नाहीत. तिची ओटी राहिलीये.’

राग कमी झाला म्हणून ओटी भरली असं नाही हां. घाटावरून येतानाही बडबडत होत्या. दोन्ही पूर्ण होतं. भक्ती शंभर टक्के, राग शंभर टक्के.

आणि हे फक्त आमच्या घरातलं नाही, कोयनेकडे बघा. १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचं धरण. पावसाळा संपताना ते काठोकाठ भरलेलं पाहिजे, नाहीतर वर्षभर वीज कुठून, शेतीला पाणी कुठून. आणि त्याच धरणात ऑगस्टमध्ये मोकळी जागा पाहिजे, नाहीतर वरून आलेला पाऊस सरळ आमच्या घरात. भरलेलं पाहिजे आणि रिकामं पाहिजे, त्याच महिन्यात. लवकर सोडलं आणि पुढं पाऊस गेला तर लोक म्हणणार पाणी वाया घालवलं, धरून ठेवलं आणि पाऊस कोसळला तर बुडवलं म्हणणार. कुणाचं चुकलं ह्या वादात मी पडत नाही, त्याच्यावर सांगलीत चहाच्या गाड्यावर तज्ज्ञ बसलेले असतात. पण ते दार किती इंच उचलायचं हे जो माणूस ठरवतो तो चाचांसारखाच दोरा सरकवतोय एवढं मला दिसतं, आणि त्याच्या हातात रीळ नाही, नदी आहे.

*

दादाची डाळिंबाची बाग आहे माहेरी, दोन एकर, भगवा जातीची. म्हैसाळ योजनेचं पाणी कृष्णेतून उचलून तिकडं नेतात, ते येतं तेव्हा येतं, बाकी बोअर आणि शेततळं. अशा ठिकाणी पाणी म्हणजे सोनं ना? तर बहार धरायच्या, म्हणजे झाडाला फुलोरा आणायच्या आधी दादा बागेचं पाणी मुद्दाम तोडतो. महिना, दीड महिना. त्याला म्हणतात बागेला ताण देणे. हाच शब्द. ड्रिप बंद, झाड उभं, पानं पिवळी पडायला लागतात, गळतात, आई रोज बांधावर जाऊन बघून येते आणि दादाशी भांडते, लेकरागत वाढवलेली झाडं तहानेनं मारतोस म्हणून. हलकी जमीन असली की ताण लवकर बसतो, भारी काळी असली की वेळ लागतो. कमी बसला तर नुसता पाला फुटतो, कळी नाही. जास्त झाला तर झाडच बसतं. आणि मग एक दिवस दादा म्हणतो, ‘उद्या ताण तोडायचा.’ छाटणी, खत, आणि पाणी सोडलं की काही दिवसांत ते काट्याकुट्याचं झाड लाल कळीनं भरून येतं.

मी दादाला फोनवर विचारलं, किती ताण द्यायचा हे कळतं कसं? म्हणाला पानाकडं बघून. म्हटलं म्हणजे किती दिवस? म्हणाला दिवसावर नसतं गं ते, तुला सांगतोय काय, पानाकडं बघून.

हे आणि चाचांचं एकच उत्तर आहे. मला मात्र सगळं आकड्यात पाहिजे, बँकेत नोकरी केल्याचा परिणाम.

अजून एक गोष्ट, ही माझी सगळ्यात आवडती. हेराक्लिटसच्या काळात ग्रीक लोक एक पेय प्यायचे, बार्लीचं पीठ, वाइन, किसलेलं चीज, असं काहीतरी एकत्र. तो म्हणतो ते ढवळत राहिलं नाही तर फुटतं. वेगळं होतं. झालं, एवढाच तुकडा. पंडितांनी त्यावर बरंच काय काय लिहिलंय. आमच्या आईला विचारा. जोंधळ्याच्या पिठाची आंबील, ताक घालून, मीठ, लसूण, उन्हाळ्यात दुपारी शेतावर पातेलं न्यायचं. सावलीत पाच मिनिटं ठेवली की पीठ खाली, वर नुसतं आंबट पाणी. वरवरची ओतून घेतली तर पाणी पितोय, तळाची घेतली तर खळ. म्हणून आई पातेल्यातनं पळी काढतच नाही. वाढताना ढवळायचं, वाटीत ओतल्यावर वाटी फिरवायची, पिताना परत एकदा फिरवायची. लहानपणी मला वाटायचं एकदाच नीट घोटून का ठेवत नाही ही. आंबील एकदाच घोटून ठेवता येत नाही. पळी फिरती आहे तोवरच ती आंबील, थांबली की पीठ वेगळं पाणी वेगळं.

लग्नाच्या पहिल्या वर्षात कुणी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी आपली ‘एकदाचं बोलून मिटवून टाकू’ वाली.

होमरनं कुठंतरी म्हटलंय म्हणे, की देवांतून आणि माणसांतून भांडण नाहीसं होवो. ह्या बाबानं त्यावर होमरला धारेवर धरलं. म्हणाला, उंच आणि खालचा स्वर नसेल तर संगीत कसलं, नर आणि मादी नसतील तर जीव कसले, सगळंच संपेल की. मला हे शंभर टक्के पटत नाही, खरं सांगते. युद्ध सगळ्याचा बाप आहे असं पण तो म्हणतो, आणि टीव्हीवर रोज जे दिसतं ते बघून असल्या वाक्यांची भीती वाटते. सगळी भांडणं काही तंबोरा नसतात. काही भांडणात दांडी मोडते, आणि मोडलेल्या दांडीतून सूर येत नाही. कुठली ओढ वाजणारी आणि कुठली मोडणारी हे आधी कसं ओळखायचं, ह्याचं उत्तर त्या शंभर-सव्वाशे तुकड्यांत मला तरी सापडलेलं नाही. दादा म्हणेल पानाकडं बघ.

*

तंबोरा घरी आला. पहिल्या दिवशी लेकीच्या बाई आल्या, त्यांनी लावून दिला, पंचम, मग मधली षड्जाची जोडी, मग खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा. दार लावून घेतलं, पंखा बंद. आणि म्हणाल्या आता डोळे मिटून खर्जाच्या तारेकडे लक्ष द्या, मध्येच एक तिसराच स्वर ऐकू येतोय का. आधी काही नाही. मग, आई गं, खरंच. गंधार. चारी तारांत एकीलाही गंधारात लावलेलं नाही, सगळे पंचम आणि षड्ज, आणि तरी गंधार हवेत. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. नवऱ्यानं लगेच समजावलं की तार कंप पावताना घोडीच्या त्या उताराला टेकते-सुटते टेकते-सुटते, त्यातून वरचे स्वरांश जोरात उठतात, हा पाचवा. बरोबर असेल. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पदर डोळ्याला लावला आणि आत गेल्या, आणि आतून नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला. मी उठले नाही त्या दिवशी.

पण तो गंधार टिकत नाही हो. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बेसूर. हवा बदलली, पाऊस लागला, तारा उतरल्या, दोरा सरकला. लेक रोज पंधरा मिनिटं खुंट्या पिळत, मणी सरकवत बसते आणि चिडते, म्हणते ॲप बरं होतं. एकदा तर दोराच पडला, केरात गेला, घरभर शोधला, शेवटी सासूबाईंनी देवघरातल्या वातीच्या कापसाचा पीळ करून दिला, तो काही चालला नाही, मग माझ्या ब्लाउजच्या शिलाईचा उसवून घातला. आता तो आहे. हिरवा.

सध्या जुलै. आज आयर्विनला २८ फूट, कोयनेतून किती सोडलं हे नवरा तासातासाला मोबाईलवर बघतोय. घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात तंबोरा आत्ताच माळ्यावर चढवा, नंतर धावपळ नको. लेक म्हणते वर ओलीत राहिला तर परत जोड सुटेल आणि मी रियाज काय माळ्यावर चढून करू? दोघींचं बरोबर आहे. दोन दिवस वाद झाला आणि काल रात्री मी तो उचलून जिन्याच्या मधल्या वळणावर उभा केला, भोपळ्याखाली जुनी गोधडी. अर्धा नळ म्हणून हसू नका, मला माहितीये. आज सकाळी सासूबाई येता-जाता त्याला धडकल्या, लेक पायरीवर बसून तिथंच लावत होती, आणि दोघी माझ्यावर चिडल्यात.